कोंबडा आणि माझं चौथं प्रकरण

माझी पीएच.डी. एका कोंबड्यापायी दोन वर्षं लांबली. आता मी हे हसत सांगते, पण तेव्हा हसले नव्हते, ते आधीच सांगून टाकते.

मुळात मी सातवी शिकलेली. शहापूर तालुक्यातलं भातशेतीचं घर, पाच भावंडं, सातवीनंतर लग्न. शाळेची एक आठवण मात्र पक्की आहे. गुरुजींनी काही विचारलं, मी म्हटलं, "मला नाय म्हायती." गुरुजींनी मला उभं केलं आणि 'नाही, माहीत नाही' असं शंभरदा म्हणायला लावलं. तेवढं म्हणून होईपर्यंत प्रश्न काय होता तेच मी विसरले. त्या दिवसापासून घरात एक बोलायचं आणि शाळेत दुसरं, हे मनाशी बसलं ते बसलंच.

लग्न होऊन वाशिंदला आले. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. मी मॅट्रिक बाहेरून दिली, थोरल्या मुलीला मांडीवर घेऊन. मग शिक्षिका म्हणून लागले, तिथून बी.ए. बाहेरून, एम.ए. बाहेरून. कॉलेजची इमारत मी परीक्षेपुरतीच पाहिलेली. माझे गुरुजी म्हणजे छापील नोट्स आणि स्टेशनजवळचा रद्दीवाला. त्याच्याकडून इंग्रजीची डिक्शनरी घेतली होती, तिची शेवटची पानं फाटलेली. त्यामुळे इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षरांचे शब्द मी कित्येक वर्षं नुसत्या अंदाजाने लावत आले. अजून एखादा तसा शब्द आला की मनात धाकधूक होते.

वाशिंदच्या शाळेत माझ्या वर्गात सगळा देश गोळा झालेला. कारखान्यांमुळे कुठून कुठून माणसं आलेली. एका बाकावर तेलुगू बोलणारी पोरगी, तिच्या शेजारी बिहारकडची, पलीकडे आमच्या भातवाल्यांची. डबा वाटून खाताना त्यांचं कुठे अडत नव्हतं, भांडतानाही नाही. अडायचं ते मी फळ्याजवळ उभी राहिले की. मला याचं नवल वाटायचं, पण तेव्हा त्याला प्रश्न म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

पन्नाशी जवळ आली आणि बदली मुरबाड तालुक्यात झाली, वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर. वैशाखऱ्यात खोली घेतली, शनिवारी एसटीने घरी. वाडी म्हणजे पंचवीसेक घरं. थोडी शेती, बाकी जंगलावर. हिरडा, मोहाची फुलं, करवंदं, पळसाची पानं. त्यांची घरची बोली वेगळी, आमच्या खालच्या गावांहूनही वेगळी. पोरं शाळेच्या वाटेवर इतका कालवा करत यायची की मला खालच्या ओढ्यापासून ऐकू यायची. आणि वर्गात पाय ठेवला की गप्प. अगदी कुलूप लावल्यासारखी.

एकदा तपासणीला साहेब आले. चांगला माणूस होता, रागीट नव्हता. त्यांनी दोन-चार मुलांना काहीबाही विचारलं, उत्तर नाही. जाताना बूट घालता घालता हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, ही मुलं जन्मतःच मंद असतात का हो?"

मला काही उत्तर देता आलं नाही. देता आलं नाही याचा जो राग आला, त्या रागाने मी पीएच.डी.ला नाव घातलं. लोक दुसऱ्या कशाकशासाठी करतात, मी बुटाची नाडी बांधणाऱ्या एका साहेबाला उत्तर द्यायचं म्हणून केली.

विद्यापीठात मार्गदर्शक मिळाल्या त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला.

"ताई, तुमचं वय…"

"मॅडम, माझं राहू द्या. विषयाचं बोला."

त्या हसल्या. विषय ठरला: घरची बोली वेगळी असणाऱ्या मुलांचं पहिल्या दोन वर्षांतलं शिक्षण. नाव पुढे बरंच लांबलं, त्यात 'बहुभाषिक' आलं, 'बहुसांस्कृतिक' आलं, पण आत दडलेला प्रश्न एकच. पोरं बोलत का नाहीत?

घरी आमच्या यजमानांना नवीनच खेळणं मिळालं. "डॉक्टरीणबाई, गुडघा दुखतोय, जरा बघता का?" सकाळ-संध्याकाळ हेच. पण माणूस कामाचा. चाचणीसाठी चित्रांची कार्डं हवी होती, ती सगळी त्यांनी बनवली. कारखान्यातले जाड पुठ्ठे आणले, सारखे कापले, जुन्या पुस्तकांतली चित्रं खळीने चिकटवली. कोंबडा, कोयता, मडकं, खेकडा, बैल, पाऊस, घर, झाड. कडा कात्रीने गोल केल्या, पोरांना लागू नयेत म्हणून. कोंबडा सगळ्यात देखणा होता. लाल तुरा, हिरवं शेपूट. तो मी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवायची.

चाचणी अशी होती. एकेका मुलाला जवळ बोलवायचं, कार्ड दाखवायचं, विचारायचं, "हे काय आहे? काय करतं?" एकदा शाळेच्या मराठीत विचारायचं, काही दिवसांनी तेच त्यांच्या बोलीत. बोली मी दोन वर्षं कान देऊन शिकले होते, बऱ्यापैकी जमत होती. माझी खात्री होती की आपल्या बोलीत विचारलं की पोरं घडाघडा सांगतील, आणि मग मी त्या साहेबाला पत्र लिहीन.

आणि काय झालं? शाळेच्या मराठीत विचारलं तेव्हा पोरं गप्प बसली. त्यांच्या बोलीत विचारलं तेव्हा बोलली, पण जे बोलली ते भलतंच! कोयता दाखवला, तर "हा चांद." मडकं दाखवलं, तर "गुरुजींचं पोट." आमच्या शाळेत गुरुजीच नव्हते, मी एकटीच होते! आणि कोंबडा दाखवला तर एक पोरगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हा बाईंचा जावई."

माझ्या मुलीचं लग्न तेव्हा ठरायचं होतं. मी वहीत लिहिलं, 'असंबद्ध उत्तर'.

सिद्धगडाच्या बाजूच्या दुसऱ्या एका वाडीवरही जाऊन तीच चाचणी घेतली. तिथे तोच प्रकार, कोंबड्याला तिथे तलाठी म्हणाले. असंबद्ध. एक मुलगी मात्र आमच्या वाडीवरची, पहिलीतली, किडकिडीत, केस कायम डोळ्यांवर. तिने कशालाच उत्तर दिलं नाही. कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, खाली बघायची. चाळीसच्या चाळीस कार्डांपुढे मी लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. माझ्या तक्त्यात ती सगळ्यात तळाला होती. आणि हीच पोरगी पाणवठ्यावर बोलायला लागली की तोंडाला खळ नसायचा, ते मी स्वतः पाहिलेलं. पण पाणवठ्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

दीड वर्ष हे चाललं. आकडे मांडले, चौथं प्रकरण लिहिलं. निष्कर्ष माझ्या मनाविरुद्ध होता: घरच्या बोलीत विचारल्याने उत्तरं सुधारत नाहीत, उलट जास्त चुकतात. मी हिरमुसले. मॅडम मात्र खूश झाल्या. "ताई, हे अनपेक्षित आहे. परीक्षकांना असलंच काहीतरी हवं असतं. आता सुट्टीत पालकांच्या चार मुलाखती जोडा आणि आवरा. मुदत एकदा वाढवून झाली आहे, पुन्हा नाही मिळणार."

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी वाडीवर गेले. एका घरी लग्न होतं. अंगणात मांडवाच्या सावलीत बायका आणि पोरं गोल करून पत्रावळी लावत बसलेली. पळसाच्या पानांचा ढीग मध्ये, बाजूला बांबूच्या बारीक चोया. एकीचे हात दुसरीहून भरभर चाललेले. लग्नघरची म्हातारी, जिला मी मावशी म्हणायची, तिने मला जागा करून दिली.

"बस गो बाई. आज वही नाय काढायची. पानां घे."

मी पानं घेतली. एक पत्रावळ लावली, उचलली, तर निम्मी पानं खाली पडली. सगळी पोरं खो-खो हसली.

"बाई, ह्या पत्रावळीत तर गणपतीच्या उंदराला पण जेवता येणार नाय!"

असं हसणं-बोलणं चाललं होतं. मावशीच्या मांडीजवळ तिची तीन वर्षांची नात खेळत होती. मावशीने हातातलं पान तिच्या तोंडापुढे धरलं.

"हा काय गो?"

"तुजा कान!"

सगळ्या बायका हसल्या. मावशीने अंगणातली कोंबडी दाखवली. "नि ती?"

पोरीने जरा विचार केला. "ती काकी!" आणि समोर बसलेल्या आपल्या काकीकडे बोट केलं. काकीने खोटंखोटं रागावून पानाची काडी फेकली. पोरीला जिने-तिने जवळ घेऊन गालगुच्चा घेतला. "हुशार हाय गो, लय हुशार हाय!"

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. हीच माझी असंबद्ध उत्तरं. हीच.

"मावशी," मी म्हटलं, "तिला कोंबडी माहीत नाही?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच तीन वर्षांची झाल्यासारखं वाटलं. "आगो, कोंबडी कोनाला म्हायती नाय? तिला म्हायती, मला म्हायती. म्हायती असून जो इचारतो, तो थट्टा करतो. मंग थट्टेला थट्टा नको द्यायला? नायतर पोर मठ्ठ म्हणायची."

"आणि खरंच काही विचारायचं असेल तर?"

"म्हायती नसंल तर मानूस इचारतंच की. तू नाय का मंगाशी इचारलंस, चोय कुठून टोचायची? सांगितली का नाय पोरांनी?"

सांगितली होती. तिघांनी एकदम सांगितली होती, माझ्या हाताला हात लावून.

मी माझ्या तिसरीतल्या एका पोरीकडे वळले. कोंबड्याला जावई म्हणणारी तीच. "आणि तू गं? मी कार्डं दाखवायची तेव्हा?"

ती लाजली, पण डोळे चमकत होते. "बाई, तुमी लय थट्टा करायच्या. रोज नवीन कार्ड. आमी आदल्या दिवशी पाण्यावर ठरवायचो, उद्या बैल काढला तर काय सांगायचा, खेकडा काढला तर काय सांगायचा." मग तक्रारीच्या सुरात म्हणाली, "पन तुमी कधी हसल्याच नाय. नुसत्या वहीत लिवायच्या."

अंगणात परत हशा पिकला. मीही हसले, हसावंच लागलं. पण खालच्या मानेने पानं लावणाऱ्या त्या किडकिडीत पोरीकडे माझं लक्ष गेलं.

"आणि हिने काहीच का नाही सांगितलं?"

"तिला थट्टा सुचायची नाय बाई. ती लाजायची. घरी जाऊन रडायची."

बघा. माझ्या तक्त्यात तळाशी असलेली पोरगी. तिला कोंबडा माहीत होता, कोयता माहीत होता, सगळं माहीत होतं. पण मी आपल्याशी थट्टा करते आणि आपल्याला उलट थट्टा करता येत नाही, म्हणून ती रडायची. आणि दीड वर्ष तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहीत होते, 'प्रतिसाद नाही'. शाळेत मला शंभरदा 'नाही' म्हणायला लावणाऱ्या गुरुजींना मी जन्मभर नावं ठेवली. त्यांनी निदान एकाच दिवसात आटपलं होतं.

एसटीत बसून मी मनाशी ठरवलं आणि थेट मॅडमकडे गेले.

"चौथं प्रकरण रद्द करायचं आहे."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. कोंबडी, काकी, पाणवठा. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"ताई, हे सुंदर आहे. हे शेवटच्या प्रकरणात एका परिच्छेदात घाला. पण आकडे काढू नका. तुमचं काम पूर्ण आहे. आता नव्याने सुरू केलंत तर मुदत जाईल, नोंदणी जाईल. सहा वर्षं पाण्यात जातील. तुम्ही वर्षभराने निवृत्त होणार."

"मॅडम, ते प्रकरण छापलं गेलं तर उद्या कोणीतरी साहेब ते हातात धरून म्हणेल, बघा, त्यांच्या बोलीत शिकवून काही उपयोग नाही, संशोधनात सिद्ध झालंय. आणि ते सिद्ध करणारी कोण? मी."

"पण पदवी?"

"मिळाली तर घेईन. नाही मिळाली तर गुडघा बघायला मी तशीही चालते." मॅडमना गुडघ्याचा विनोद माहीत नव्हता, त्या गोंधळल्या. मग मीच म्हटलं, "प्रकरण काढत नाही हवं तर. तसंच ठेवते, सगळ्या तक्त्यांसकट. फक्त वर शीर्षक देते, 'माझी चूक'. आणि त्याच्यापुढे नवीन काम करते."

"प्रबंधात 'माझी चूक' असं प्रकरण नसतं, ताई."

"मग काय असतं?"

त्यांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. "'पहिल्या साधनाच्या मर्यादा'," त्या म्हणाल्या. आणि मुदतीसाठीचा अर्ज त्यांनी स्वतः, त्यांच्या अक्षरात लिहिला. शेवटची वाढ मिळाली, दोन वर्षांची, वर एक दिवस नाही असं बजावून. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आता नवीन काम काय करायचं? मावशीने सांगितलंच होतं. माहीत नसेल तेच विचारायचं. मी एक वही केली, वर लिहिलं, 'मला माहीत नसलेलं'. मला वाटलं दोन-चार पानं भरतील. अहो, वही संपली! पळसाची पानं कुठली घ्यायची, कोवळी की जून, मला माहीत नाही. हिरडा कधी वेचायचा, माहीत नाही. कुड्याच्या शेंगा कडू न होऊ देता कशा करायच्या, माहीत नाही. खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं, हे तर अजिबात माहीत नाही. एवढी वर्षं शिकवत होते आणि स्वतःला काय येत नाही याची यादी कधी केली नव्हती.

कार्डं पेटीत गेली. यजमान जरा नाराज झाले. "एवढा कोंबडा चिकटवला, तो गेला का?" म्हणाले. मग त्यांनीच एक छोटा टेपरेकॉर्डर आणून दिला. मी शाळेच्या ओट्यावर पोरांत बसायची, हाताला काहीतरी काम घेऊन, कधी पत्रावळी, कधी चवळीच्या शेंगा सोलायला, आणि खरोखर न येणारी एक गोष्ट विचारायची. टेप सुरू. पोरं सांगायची, एकमेकांना दुरुस्त करायची, मला चिडवायची. मग तेच मी फळ्यावर लिहायची, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यावरून वाचायला शिकवायची. शाळेचं मराठी त्याच्या शेजारी, दुसऱ्या रंगाच्या खडूने. ते आपोआप यायला लागलं. मला नवल वाटलं, पोरांना नाही.

एक दिवस मी खेकड्याच्या बिळाचं विचारलं. सगळी पोरं एकदम बोलायला लागली, आणि त्या गलक्यातून ती किडकिडीत पोरगी पुढे आली. केस मागे सारले.

"बाई, तुमाला खरंच म्हायती नाय?"

"खरंच नाही गं. मी हात घातला तर काय चावेल ते मला कळणार नाही."

तिने माझ्या डोळ्यांत नीट बघून घेतलं. मग टेपच्या जवळ बसली आणि सांगायला लागली. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या असतात, कारण तो आतली माती बाहेर काढतो. सापाच्या बिळाचं तोंड गुळगुळीत, कारण तो नुसता येतो-जातो, खणत नाही. माती वाळलेली असली तर खेकडा घर सोडून गेलाय, मग आत दुसरं कोणी असेल, हात घालायचा नाही. आधी काडी घालायची. काडी ओढली गेली तर खेकडा. "आनि काय नाय झालं, तर जास्तच भ्यायचं," ती म्हणाली. कॅसेटची एक बाजू संपली, मी उलटली, ती पुढे बोलतच होती. कारण, मग परिणाम, मग शंका, मग पडताळा. जे मला पुस्तकांत फाटक्या डिक्शनरीने चार-चार दिवस लावून वाचावं लागलं होतं, ते तिने ओट्यावर बसून सांगितलं. तेव्हा तिचं वय आठ.

माझी निवृत्ती त्याच काळात झाली. नारळ मिळाला, शाल मिळाली. दुसऱ्या सोमवारी मी परत एसटीत. कंडक्टर म्हणाला, "बाई, रिटायर झाल्या ना? मग कुठे?" मी म्हटलं, "शाळेत. आता मी विद्यार्थी आहे." वाडीवर नवीन शिक्षक आले होते, भला पोरगा, त्याने ओट्यावर बसू दिलं. वैशाखऱ्याची खोली सोडली नाही. पावसात चिखल, चढणीला दम लागायचा, गुडघा आता खरंच दुखायला लागलेला, पण घरी सांगायची सोय नव्हती.

शेवटाला टंकलेखनाने घात केला. कल्याणला एका ओळखीच्या माणसाकडे दिलं होतं. त्याने इतक्या प्रेमाने काम केलं की पोरांच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द 'सुधारून' ठेवला. कॅसेटवरची वाडी जाऊन सगळी पोरं आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखी बोलायला लागली! "बाई, किती चुका होत्या, मी सगळ्या काढल्या," असं वर अभिमानाने सांगितलं. आठ दिवस हातात होते. मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि एकेक चूक परत घालून घेतली. यजमान डबा घेऊन यायचे. प्रबंध जमा केला तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते.

मौखिक परीक्षा विद्यापीठात झाली, दोन हजारनंतरची गोष्ट. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, असं मॅडमनी सांगितलं, ते मी वाडीवर सांगून बसले. मला वाटलं नव्हतं कोणी येईल. मावशी आली, नवं लुगडं नेसून. आणि तिच्यासोबत ती पोरगी, आता आश्रमशाळेत पाचवीला, केसांना रिबिनी. यजमान दोघींना घेऊन मागच्या रांगेत बसले.

बाहेरचे परीक्षक मोठे विद्वान, लांबून आलेले. पांढरी दाढी, समोर माझा प्रबंध, त्यात कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या. ते म्हणाले, "सुरुवात सोप्या गोष्टीने करू. बहुभाषिक शिक्षण म्हणजे काय, हे जरा सांगा."

व्याख्या मला पाठ होती. तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून मावशीचा आवाज आला. तिला हळू बोलता येत नाही, डोंगरावर कशाला लागेल?

"आगो, येवढी दाढी, नि ह्यांला म्हायती नाय?"

आणि पोरीचा आवाज, समजावून सांगितल्यासारखा: "म्हायती हाय त्यांला. थट्टा करतात बाईंची."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्म्यावरून मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हणताहेत त्या?"

आता लपवून काय उपयोग? मी म्हटलं, "सर, त्या म्हणतात की तुम्हाला उत्तर माहीत असून तुम्ही विचारताय, म्हणजे थट्टा करताय. चौथं प्रकरण."

त्यांनी चिठ्ठी घातलेलं एक पान उघडलं, बघितलं, मिटलं. चेहरा अगदी गंभीर. "मग प्रथेप्रमाणे उत्तर द्या."

मी मागे पाहिलं. यजमानांनी मान हलवली, म्हणजे द्या म्हणून.

"बहुभाषिक शिक्षण म्हणजे," मी म्हटलं, "माझा जावई."

आधी मावशी हसली. मग ते परीक्षक हसले, दाढी हलेपर्यंत, आणि मग सगळेच. त्यानंतर तासभर त्यांनी मला चांगलं पिळून काढलं, आकड्यांवरून, पद्धतीवरून, मी काय वाचलं नाही त्यावरून. जे माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं तिथे 'माहीत नाही' म्हटलं. एकदा तर 'नाय म्हायती' असंच तोंडातून गेलं आणि मी ते बदललं नाही.

शेवटी त्यांनी प्रबंध बंद केला. "आता एक असं विचारतो, जे मला खरोखर माहीत नाही. चाळीस कार्डांपुढे 'प्रतिसाद नाही' असलेली एक मुलगी आहे. पुढच्या प्रकरणात ती खेकड्यांबद्दल बोलते. त्यानंतर तिचा उल्लेख नाही. तिचं पुढे काय झालं?"

"सर, ती मागे बसली आहे. तिलाच विचारा."

ती उभी राहिली. एवढी माणसं, वर गरगरणारे पंखे, भिंतीवर मोठमोठ्या लोकांच्या तसबिरी. रिबीन सारखी केली. मला वाटलं, ही आता खाली बघते. पण तिने त्या विद्वान माणसाच्या डोळ्यांत नीट बघून घेतलं, जसं एकदा माझ्या डोळ्यांत बघितलं होतं.

"तुमाला खरंच म्हायती नाय?"

"खरंच नाही, बाळ."

"मंग सांगते," ती म्हणाली, आणि सांगायला लागली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण तिला कोणी थांबवलं नाही. तिचं सगळं सांगून झालं, ती खाली बसली, आणि मगच माझा निकाल वाचून दाखवला.